पुढचा ब्रेक आणि आंबिलीचं मडकं

माझ्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक लागत नाही, ही गोष्ट मी होऊन कुणालाही सांगितलेली नव्हती. ती गाडीनंच सांगितली. तीही मंगळवेढ्याच्या पुढं सात मैलांवर, माझ्या सासऱ्यांच्या रानात, येळवशीच्या दिवशी, पन्नास-साठ माणसांच्या देखत.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी तिकडं घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव रानात जेवायला जातं. कमरेएवढ्या शाळूच्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची खोपी उभी करतात, तिच्यात देव मांडतात आणि बाहेर नव्या मडक्यात आंबील ठेवतात. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, लसूण-जिरं घालून केलेली ही आंबील आधी पिकावर शिंपडायची आणि मग माणसांनी प्यायची, असा नेम आहे. गेल्या येळवशीला हा नेम मोडला. आंबील सगळ्यांच्या आधी मला मिळाली, आणि तोंडानं नव्हे, डोक्यावरून.

झालं असं. बांधावरून खाली खोपीपर्यंत एक उतार आहे. उताराच्या शेवटी माझे सासरे रावजीमामा हात जोडून स्वागताला उभे होते. त्यांच्याशेजारी माझा मेहुणा श्रीमंत, आणि त्याच्या पायाशी मडकं. मी ऐटीत पुढचा ब्रेक दाबला. दांडा पार मुठीला येऊन टेकला, पण गाडीला त्याची खबर लागली नाही. मग मागचा ब्रेक दाबला, तर मागचं चाक भुसभुशीत मातीत घसरायला लागलं आणि गाडी तिरकी होऊन जास्तच उत्साहानं निघाली. रावजीमामांनी सत्तराव्या वर्षी, हात जोडलेले तसेच ठेवून, बाजूला उडी मारली. मी मडकं फोडून खोपीच्या पाठीमागच्या पेंढ्यांत गेलो. देवांना धक्का लागला नाही, हे मी हा प्रसंग सांगताना नेहमी आधी सांगतो. तिकडं मात्र कुणी ते विचारत नाही. तिकडं माझं नाव त्या दिवसापासून 'आंबील पावणं' पडलं ते पडलंच.

आमची मथुरा माझ्या मागं बसलेली होती. ती केव्हा उतरली ते मला कळलं नाही. तिचं म्हणणं, ती उतरली नाही, तिला उतरवण्यात आलं. शाळूत पडल्यामुळं तिला लागलं नाही, पण माहेरच्या सगळ्या बायकांसमोर कोऱ्या इरकलीचा पदर फाटला. ती उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "या गाडीचा पुढचा ब्रेक लागल्याशिवाय मी परत हिच्यावर बसायची नाही." संध्याकाळी ती एस.टी.नं सोलापूरला आली. मी गाडीवरून एकटा आलो, वाटेत थंडीत आंबील अंगावर वाळत होती.

पण खरी भानगड जेवताना झाली होती. श्रीमंतला कडबा कापायचं यंत्र फिरवायला इंजिन हवं होतं. तो माझ्या गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "दाजी, हिचं हिंजीन बेस हाय की. थांबायचं काम हिला जमत न्हाय, पर कडबा कापताना थांबायचंय कुटं?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते न्यायनिवाड्याचे गृहस्थ. त्यांनी हात धुऊन निकाल दिला, "पावणं, म्होरल्या येळवशीला हितंच, ह्याच जागी मडकं ठेवतो. गाडी मडक्याच्या अल्याड थांबली, तर तुमची. पल्याड गेली, तर श्रीमंतची. हाय कबूल?"

मी कबूल म्हटलं. कानातून आंबील गळत असताना माणूस कशालाही कबूल म्हणतो.

आता ही गाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती लढाईच्या काळातली, विलायती. टाकीवरचं नाव झिजून त्यातली शेवटची दोन अक्षरं उरली आहेत. तिचा आवाज ऐकून आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं अजून आभाळाकडं बघतात. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. कोण किती मिनिटं उशिरा आलं ते लिहून ठेवणं हे माझं काम, आणि ते काम करणाऱ्या माणसाबद्दल चारशे मागवाल्यांचं काय मत असतं, ते मला ठाऊक आहे. पण सुटीचा भोंगा झाला, मी किक मारली आणि गाडी धडधडायला लागली, की घरी पोचेपर्यंतची पंधरा मिनिटं मी कुणाचा कारकून नसतो. ती पंधरा मिनिटं श्रीमंतच्या कडब्यात जाणार, या विचारानं मला खरोखर रडू यायचं. हे मी मथुरेला सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

"मग अकरा महिने काय केलंत?" असं ती विचारते. मी विचार केला. यंत्राच्या बाबतीत घाई करू नये.

शेवटी येळवस महिन्यावर आली तेव्हा मी शेजारच्या आबासाहेबांना हाक मारली. आबासाहेब म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं बार्शीची गाडी चालवली, आणि आता रोज सकाळी सहाला गल्लीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मागं घे, पुढं घे असं सांगतात. त्यांनी दांडा दोन बोटांनी दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"महिपतराव, हा ब्रेक नाही, हे लोणी आहे," ते म्हणाले. "पण मी तुम्हाला एक सांगू का? ब्रेक हे नवशिक्याचं काम. मी सोलापूर सोडलं की ब्रेकला पाय लावत नव्हतो. गाडी गिअरवर थांबवायची असते."

"पण मडक्यापुढं?"

"मडकं हालवता येत नाही का?"

मडकं ही अट होती, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. मग त्यांनी पान्हा मागितला आणि ब्रेकच्या तारेचा नट आवळत नेला. नट आवळला, आणखी आवळला आणि चाकच फिरायचं बंद झालं. "झाला का नाही ब्रेक?" असं म्हणून ते चहाला बसले. ब्रेक झाला होता यात शंका नाही, पण मला गिरणीत जायचं होतं. नट सैल केला, चाक फिरलं आणि ब्रेक पुन्हा लोणी झाला. आबासाहेबांचं त्यावर असं म्हणणं पडलं, की गाडीला एका वेळी एकच काय ते करू द्यावं.

समोरच्या घरात नरसय्या राहतो. तो हातमागावर लुगडी विणतो, घरात तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी, आणि सुताशी फक्त बोटांनी बोलतो. तो आबासाहेबांचा सगळा प्रयोग ओट्यावरून पाहत होता. तो उठून आला आणि त्यानं तार दोन बोटांत धरून वीणेसारखी छेडली. नुसता भद् असा आवाज आला.

"अय्यो, तार मेली की हो," नरसय्या म्हणाला. "तुमी दाबता ते सगळं तारच खाऊन टाकते. चाकापर्यंत कायच जात नाही. ताणा असा सैल ठेवला तर माझं लुगडं काय होईल? पोतं होईल."

हे निदान मला पटलं, आणि आजही मी म्हणेन की ते निम्मं बरोबर होतं. नरसय्यानं नवी तार आणवली. दोन दिवस तो ती ओढत, पुसत, जोडत बसला. मध्ये त्याची बायको दोनदा येऊन तेलुगूत काही म्हणून गेली. त्यातलं मला काही कळलं नाही, पण 'लुगडं' हा शब्द दोन्ही वेळा होता. तिसऱ्या दिवशी त्यानं तार छेडली आणि टण्ण आवाज आला. दांडा असा कडक झाला की दाबताना माझ्या दंडाची शीर उभी राहायची.

गाडी मात्र थांबेना. आधी दांडा मऊ होता आणि गाडी थांबत नव्हती, आता दांडा कडक होता आणि गाडी थांबत नव्हती. सुधारणा झाली होती, पण ती माझ्या मनगटात.

तेव्हा मला मडिवाळप्पाची आठवण झाली. मडिवाळप्पा हा आमच्या गिरणीतला तेलवाला. लांब चोचीचं तेलाचं भांडं घेऊन पाळीभर मागांमागांतून हिंडायचं आणि प्रत्येक मागाच्या प्रत्येक भोकात दोन थेंब सोडायचे, हे त्याचं चोवीस वर्षांचं काम. गिरणीत एखादा माग करकरला, तर मडिवाळप्पाला ते स्वतःच्या अब्रूवर आल्यासारखं वाटतं. दर खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, मी त्याला मानानं घरी बोलावतो. मथुरा गाडीला हळदकुंकू लावते, झेंडूचा हार घालते, आणि मडिवाळप्पा आपल्या भांड्यानं गाडीच्या भोकाभोकात तेल देतो. हा शिरस्ता चार वर्षांचा. मी गल्लीत अभिमानानं सांगत असे, की माझ्या गाडीला गिरणीचा माणूस तेल देतो.

या वेळी तो खंडेनवमी नसताना आला. त्यानं गाडीभोवती फिरून भोकं मोजली.

"साहेब, मशीन म्हंजे मशीन," तो म्हणाला. "भोक कशाला ठेवतंय? तेल मागायला ठेवतंय. ह्ये म्होरचं चाक बघा, मधी केवढं भोक हाय. बिचारं कोरडं पडलंय. कोरडं मशीन काम करत नाही रीऽ."

आणि त्यानं भांड्याची चोच पुढच्या चाकाच्या मध्यात घालून अर्धं भांडं रिकामं केलं. चाक मोठ्या समाधानानं तेल प्यालं. मी मडिवाळप्पाला चहा दिला आणि वर पान दिलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन निघालो. रेशन कचेरीच्या वळणावर समोर बैलगाडी आली, म्हणून मी दांडा आवळला. ब्रेक लागला नाही, एवढं म्हणणं अपुरं आहे. ब्रेक दाबल्यावर गाडीला जरा मोकळं वाटलं, असं म्हणायला हवं. आवाज नाही, धक्का नाही, गाडी अलगद, लोण्यातून सुरी जावी तशी कचेरीच्या आवारात शिरली आणि तिथं ओळीनं लावलेल्या सायकलींना टेकली. पहिली सायकल दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर. सतरावी पडेपर्यंत कचेरीतले सगळे कारकून खिडकीत आले होते. मी प्रत्येक सायकल उचलून, पुसून, घंटी वाजवून जागेवर ठेवली. एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनांसमोर हे काम करणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल.

घरी आलो तर मथुरा फरशी घासत होती.

"अहो, जरा हिकडं या," ती म्हणाली. "इंजिनाखाली तेलाचा डाग असतो, तो मी सहा वर्षं पुसतेय, त्याचं काही नाही. पण हा पुढच्या चाकाखाली कुठनं आला?"

पुढच्या चाकाखाली शहाबादी फरशीवर ताटलीएवढा काळा डाग होता.

"मडिवाळप्पानं तेल दिलंय," मी म्हणालो. "मशीन आहे."

मथुरा आत गेली आणि शेंगाचटणीची बरणी घेऊन आली. तिनं वाटीतलं गोडेतेल माझ्या तळहातावर ओतलं, हात चोळायला लावले आणि बरणी हातात दिली.

"उघडा झाकण."

मी झाकण पिरगाळलं. हात फिरला, झाकण फिरलं नाही. जोर लावला, दात खाल्ले, बरणी मांडीत धरली. आबासाहेब ओट्यावरून म्हणाले, "गिअरवर घ्या." झाकण जागचं हललं नाही.

"हात जोरात धरतोय की नाही?" मथुरा म्हणाली. "धरतोय. तार घट्ट आहे की नाही? आहे. पण तेलाच्या हातानं काय धरणार? तुमचा ब्रेक चाकाला आतनं धरतो ना? मग धरणाऱ्याच्या हातावर तुम्ही चार वर्षं तेल ओतताय, तेही पूजा करून."

मी बरणी खाली ठेवली. नरसय्याच्या बायकोनं खिडकीतून मथुरेकडं बघून मान हलवली, आणि त्यात मला माझ्याबद्दलचं पुष्कळ दिसलं.

चाक काढलं. झाकण उघडताच आतून काळं तेल फरशीवर आलं, जणू चार खंडेनवम्या वाट बघत होत्या. आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे असतात, त्यांच्यावर जाड पट्टी बसवलेली असते, आणि ते फाकून चाकाला धरतात. ते दोन्ही तुकडे भज्यासारखे तेल पिऊन बसले होते. नव्या पट्ट्या सोलापुरात मिळेनात. पुण्याहून कुणी म्हणालं, विलायतेला लिहा. येळवस नऊ दिवसांवर होती.

"रॉकेलनं धुवा," आबासाहेब म्हणाले. "डेपोत आम्ही सगळं रॉकेलनं धुतो."

पण रॉकेल कुठलं आणायचं? त्या काळात रॉकेल कार्डावर, आणि घरातलं सगळं स्टोव्हला. त्यावर मथुरेचा पहारा. जादा रॉकेलसाठी रेशन कचेरीत अर्ज करावा लागे. मी त्याच आवारात गेलो, गाडी घरी ठेवून, पायी. खिडकीत नेमका चौथ्या सायकलचा मालक बसला होता.

त्यानं अर्ज पुढं केला. 'प्रयोजन' या रकान्यात तीनच गोष्टी छापलेल्या होत्या: स्वयंपाक, दिवाबत्ती, लग्नकार्य.

"यातलं काय?" त्यानं विचारलं.

"ब्रेक धुवायचाय," मी म्हणालो.

"ब्रेक यात नाही. लग्नकार्यात घालू? पत्रिका जोडावी लागेल."

मी इकडं तिकडं बघून खालच्या आवाजात सगळी हकिगत सांगितली. मडकं, मेहुणा, तेल, बरणी. त्यानं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे हा ब्रेक धुतला गेला, तर तुमची गाडी परत आमच्या सायकलींवर येणार नाही?"

"नाही."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. त्यानं छापील तिन्ही प्रयोजनांवर काट मारली, बाजूला स्वतःच्या हातानं 'सार्वजनिक हित' असं लिहिलं आणि इतक्या जोरात शिक्का मारला की दौतीतली शाई उडाली. सरकारी कचेरीत माझं काम एका बैठकीत झालं, असा तो आयुष्यातला एकमेव प्रसंग.

रॉकेल आणलं, पट्ट्या रात्रभर त्यात बुडवल्या, वाळवल्या, चाक चढवलं. ब्रेक पूर्वीपेक्षा वाईट झाला, आणि गाडीला स्टोव्हचा वास यायला लागला.

"रॉकेल म्हणजे काय पाणी आहे?" मथुरा म्हणाली. "तेलानं तेल धुतलंत तुम्ही. काढा परत ते चाक. आणि आता कुणी सल्ला देऊ नका." हे शेवटचं वाक्य तिनं ओट्यांकडं बघून म्हटलं. येळवस तीन दिवसांवर होती.

तिनं मला दोनच गोष्टी आणायला सांगितल्या, टीपकागद आणि शंखजिऱ्याची पूड, दोन्ही तेल शोषणाऱ्या. टीपकागद मी बाजारातून विकत आणले. गिरणीतले आणले नाहीत, हे इथं नमूद करून ठेवतो, कारण टाइम ऑफिसात त्यावरून कुजबूज झाली होती.

मग मथुरेनं इस्त्रीत निखारे भरले. पाटावर जुनं धोतर अंथरलं. चंद्रकोरीवर शंखजिऱ्याची पूड जाड पसरली, वर टीपकागद ठेवला आणि इस्त्रीचं टोक हळूहळू फिरवायला लागली. कोर वाकडी, इस्त्री सपाट, म्हणून ती डाव्या हातानं कोर पाळण्यासारखी डोलवत होती.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"आपल्या लग्नात," ती वर न बघता म्हणाली. "पंगतीत तुम्ही माझ्या शालूवर शेंगाचटणी सांडली होतीत. चटणीच्या तेलाचा डाग काढायला मला तीन दिवस लागले. तुम्हाला कळू दिलं नाही."

नऊ वर्षांनी मला ते कळलं. मी निखाऱ्यांना वारा घातला.

पहिला टीपकागद तेलानं पारदर्शक झाला. दुसरा, तिसरा, चौथा. पूड बदलायची, कागद बदलायचा, इस्त्री फिरवायची. घरभर असा वास सुटला, जणू कुणीतरी इंजिन तळतंय. अकरावा कागद कोरा निघाला. मग तिनं काचकागदानं पट्ट्यांवरची चकाकी घासून काढली, आणि चाकाच्या आतली बाजू उकळत्या सोड्याच्या पाण्यानं आणि राखेनं, पितळी तांब्या घासावा तशी घासली.

चाक चढवताना आबासाहेबांना राहवेना, म्हणून ते जवळ आले. मथुरेकडं बघून त्यांनी आधी परवानगी घेतली. "वहिनी, एकच सांगतो. मधला आस आवळायच्या आधी ब्रेक दाबून धरायचा, मग आवळायचा. म्हणजे दोन्ही कोरी सारख्या बसतात. हे मात्र खरं आहे." मथुरेनं मान हलवली. मी दांडा दाबून धरला, आबासाहेबांनी आस आवळला. नरसय्यानं तार छेडली, टण्ण.

तेवढ्यात मडिवाळप्पा दारात उभा राहिला, हातात भांडं.

"दादा, या, चहा घ्या," मथुरा म्हणाली. "पण भांडं बाहेर ठेवा."

मडिवाळप्पाचा चेहरा पडला. तिनं त्याला ते अकरा कागद दाखवले. त्यानं एकेक कागद उजेडात धरून पाहिला. चोवीस वर्षं ज्यानं तेल दिलं, त्याला तेल कुठं देऊ नये हे त्या दिवशी कळत होतं, आणि मला त्याची दया आली. शेवटी तो म्हणाला, "ताई, दांड्याच्या खिळ्यापाशी एक थेंब चालतंय का? एकच?"

मथुरेनं तिथं वाकून पाहिलं. "तिथं चालेल. एकच."

मडिवाळप्पानं श्वास रोखून एकच थेंब सोडला. इतक्या जपून तेल देताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

गल्लीतल्या डांबरावर गाडी थांबली. दहा वेळा थांबली. पण रानातला उतार, भुसभुशीत माती आणि मागं दुसरं माणूस, हे कुणी पाहिलं होतं? येळवशीच्या सकाळी मी काळी टोपी घालून, मथुरेची एस.टी. चुकू नये म्हणून घड्याळ बघत उभा होतो. ती पदर शिवलेली तीच इरकल नेसून बाहेर आली आणि सरळ गाडीवर बसली.

"एस.टी.?"

"ब्रेक मी केलाय," ती म्हणाली. "काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

पस्तीस मैल आणि वर सात, मी सारखा ब्रेकचा दांडा चाचपत आलो. बांधावर पोचलो आणि खाली पाहिलं. गेल्या वर्षी पन्नास-साठ माणसं होती. या वर्षी शेजारच्या दोन वस्त्या येळवस सोडून इकडं आल्या होत्या. खोपीपुढं फक्कीची पांढरी रेघ मारलेली. रेघेच्या पलीकडं मडकं. मडक्यामागं हात जोडून रावजीमामा, पण या वेळी एक पाय आधीच बाजूला टाकलेला. आणि श्रीमंत, हातात पान्हा, खांद्यावर यंत्राचा पट्टा. त्यानं कडबा कापायचं यंत्र बैलगाडीत घालून रानातच आणलं होतं.

"या, दाजी!" तो ओरडला. "बिगीबिगी या!"

गाडी उताराला लागली. माझा पाय आपोआप मागच्या ब्रेककडं गेला. मागून मथुरेनं पाठीत गुद्दा घातला.

"पुढचा! पुढचा दाबा!"

मी डोळे मिटले नाहीत, असं सगळ्यांना सांगतो. दांडा दाबला. पुढच्या चाकानं माती धरली. गाडीचं नाक खाली गेलं, मथुरेचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं, आणि गाडी थांबली. सरकली नाही, तिरकी झाली नाही, उभी राहिली. पुढचं चाक रेघेच्या चार बोटं अलीकडं.

टोपी मात्र थांबली नाही. ती माझ्या डोक्यावरून निघाली, रेघ ओलांडून गेली आणि मडक्यात पडली.

श्रीमंत म्हणाला, "अण्णा, टोपी पल्याड गेली की! टोपी दाजींचीच हाय!"

मामा पुढं आले. त्यांनी वाकून चाक आणि रेघ यांच्यात चार बोटं घालून पाहिली. मग मडक्यातून टोपी काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"पैज गाडीची व्हती," ते म्हणाले, "टोपीची न्हाय. श्रीमंत, पान्हा ठिव. पावण्यांची गाडी थांबती."

लोकांनी असा कल्ला केला की शाळूतली पाखरं उडाली. मी छाती काढली आणि मग मला लाज वाटली. मी मथुरेला हाताला धरून पुढं आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, ब्रेक हिनं केलाय. इस्त्रीनं."

"इस्त्रीनं?" मामांनी लेकीकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ते बैलगाडीकडं वळले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात बैलगाडीच्या आसाला द्यायच्या वंगणाचं नळकांडं होतं.

"एवढी राबली बिचारी गाडी," ते पुढच्या चाकापाशी बसत म्हणाले. "हिला आपल्या हातानं जरा वंगाण—"

"अण्णा!" मथुरा अशी ओरडली की मामा जागच्या जागी थिजले, श्रीमंतच्या हातातला पान्हा पडला आणि मी चाकावर आडवा झालो. गेल्या वर्षी मी त्या रानात पडलो होतो, या वर्षीही पडलो. पण या वर्षी कुणी हसलं तर मला त्याचं काही वाटलं नाही.

आंबील शिंपडून झाली, जेवणं झाली. मडक्यातली आंबील सगळ्यांनी प्यायली, टोपी बुडालेली, आणि गोड आहे म्हणाले. दुपारी आम्ही निघालो. मैलभर गेलो असू, तर मथुरेनं खांद्यावर हात ठेवला. सकाळी येताना तिनं गाडीची लोखंडी कडी धरली होती.

"थांबा जरा."

मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली. रस्त्याकडंच्या वस्तीवर तिची बालमैत्रीण गोजाबाई ज्वारी पाखडत होती.

"काय गं मथुरा, काय झालं? गाडी बिघडली?"

"नाही गं," मथुरा म्हणाली. "थांबली. चला हो."

पुढं तिच्या मावशीच्या कुलूप लागलेल्या दारात थांबलो. मग तिच्या शाळेपुढं, जिथं सुट्टीमुळं कुणीच नव्हतं. मग मंगळवेढ्याच्या एस.टी. स्टँडपुढं, गेल्या वर्षी ती जिथून एकटी परत आली होती तिथं. सोलापूरच्या गिरणीची चिमणी दिसेपर्यंत आम्ही एकोणीस वेळा थांबलो, कुठंही काही काम नसताना, आणि त्या सबंध वाटेत तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही.